रोख्यामागचा हिशेब

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्यतिथी १६ जानेवारीला येते आणि जयंती १८ जानेवारीला. आधी पुण्यतिथी आणि मग जयंती, असा हा उलटा क्रम. १९०१ साली आणखी दोनच दिवस मिळाले असते तर त्यांनी वयाची एकोणसाठ वर्षे पुरी केली असती. ते घडायचे नव्हते. १६ तारखेच्या रात्री मुंबईच्या राहत्या घरी छातीत कळ आली आणि थोडक्या वेळात सगळे संपले.

रानडे म्हटले की आपल्याला काय काय आठवते! सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ, हिंदी अर्थशास्त्राचा पाया आणि गोखल्यांसारखा शिष्य. प्राथमिक शाळेतल्या नोकरीत मी हे सगळे वर्षानुवर्षे मुलांना शिकवले. फळ्यावर त्यांचे नाव लिहिले की पुढे जन्म-मृत्यूचे सन कंसात लिहायचे आणि धडा सुरू करायचा. त्या कंसातल्या दुसऱ्या सनामागे एक दुखणे होते, त्या दुखण्याशी एका विचारी माणसाने काही महिने झुंज घेतली होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाला सांगायची नव्हती. ती आज सांगावीशी वाटते, कारण गेली काही वर्षे तेच दुखणे माझ्याही वाट्याला आले आहे. बारामतीजवळच्या कन्हेरीत मी राहतो. सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातो आणि शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी बाळगतो. हृदयविकाराच्या माणसाला औषधांइतकाच एक प्रश्न रोज पुरतो. डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा तो किती? या प्रश्नाचा विचार करताना मला रानड्यांचा फार उपयोग झाला, आणि तो अगदी अनपेक्षित दिशेने झाला.

भीमथडीतले न्यायाधीश

रानड्यांचा जन्म १८४२ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला असल्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली, तिच्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत रानडे होते. १८६२ साली ते बी. ए. झाले, १८६६ साली एल्एल. बी. झाले. अफाट वाचनाने त्यांचे डोळे तरुणपणीच अधू झाले. देह धिप्पाड, चेहरा शांत आणि दृष्टी मंद, असे त्यांचे रूप पुढच्या आयुष्यात सगळ्यांनी पाहिले. डोळ्यांना त्रास होऊ लागला म्हणून वाचन काही थांबले नाही. कुणी तरी वाचून दाखवायचे आणि त्यांनी ऐकायचे, अशी व्यवस्था त्यांनी लावली. शरीर एक वाट बंद करते तेव्हा कुरकुर न करता दुसरी शोधायची, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

१८७१ साली ते न्यायाधीश म्हणून पुण्याला आले. १८७३ साली पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. त्याच वर्षाअखेर वडिलांच्या आग्रहाखातर त्यांचा विवाह अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने हे करावे यावरून त्यांना पुष्कळ बोल लागले, आणि ते बोल अनाठायी नव्हते. पण लग्न झाल्याबरोबर त्यांनी रमाबाईंच्या हाती पाटी-पुस्तक दिले. घरातल्या बायकांचा रोष पत्करून ही मुलगी शिकली, आधी मराठी आणि मग इंग्रजीही. पुढे तिने लिहिलेले आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. रानड्यांच्या घरातले बोलणे-चालणे, प्रवास, आजारपण हे सारे आज आपल्याला कळते ते मुख्यतः तिच्यामुळे.

आमच्या भागाचा आणि रानड्यांचा संबंध मात्र निराळाच आहे. आजचा बारामती तालुका तेव्हा भीमथडी म्हणून ओळखला जाई. या तालुक्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लोकांना पैसा-अडका नको होता, कागद हवे होते. कर्जाचे रोखे, गहाणखते, हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी झाली. हे लोण बघता बघता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८६७ साली साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते. सारा भरायला कर्ज, कर्ज फेडायला कर्ज, आणि प्रत्येक वेळी न वाचता उठवलेला अंगठा, असा तो फेरा होता.

या दंग्यांच्या चौकशीतून पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. त्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी नेमलेल्या न्यायाधीशांत रानडे १८८१ पासून होते आणि १८८७ साली ते या कामाचे विशेष न्यायाधीश झाले. १८९३ साली मुंबई हायकोर्टावर जाईपर्यंत हेच त्यांचे मुख्य काम होते. फिरतीचे दिवस, तंबूतला मुक्काम, तालुक्यातालुक्याच्या कोर्टांची दप्तरे तपासणे, आणि त्यातून वेळ काढून गावच्या शाळा पाहणे. रमाबाई या फिरतीत बरोबर असत आणि गावोगावच्या बायकांत मिसळत.

या कायद्यात एक मोठी शहाणपणाची गोष्ट होती. एरवी कोर्ट रोखा पाही, त्याखालचा अंगठा पाही आणि सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देई. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले की रोख्यावर थांबू नका, त्याच्या मागे जा. मुळात दिले किती, व्याज लागले किती, फेड झाली किती, याचा पहिल्यापासून हिशेब काढा. नवा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोरच व्हावा, पैसे दिल्याची पावती मिळावी, भांडण कोर्टात जाण्याआधी सलोख्याचा प्रयत्न व्हावा, अशाही तरतुदी होत्या. सावकाराला हद्दपार करावे असे या कायद्याने म्हटले नाही, कारण बी-बियाण्याला आणि बैलाला पैसा त्याच्याकडूनच येणार होता. अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय आहे ते कळले पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह होता.

कायद्याने सगळेच प्रश्न सुटले असे नाही. पण अज्ञानी माणूस आणि जाणकार माणूस यांच्यातला व्यवहार न्यायाचा कसा होईल, या प्रश्नावर रानड्यांनी आयुष्याची दहा-बारा वर्षे घालवली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे रुग्ण आणि डॉक्टर यांच्याविषयी बोलताना ती उपयोगी पडणार आहे.

संशयाच्या छायेत

विश्वास आणि संशय यांची रानड्यांना चांगली ओळख होती, कारण ते स्वतःच काही काळ संशयाचा विषय झाले होते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरले होते. मे महिन्यात पुण्यातल्या बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आग लागली. पुण्यातल्या सुशिक्षितांची या बंडाला फूस असावी असा सरकारचा वहीम होता आणि त्यांचे पुढारी म्हणून रानड्यांवर नजर होती. त्यांची तातडीने धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांच्या नावाने बंडखोरांची म्हणून पत्रे येत, आणि रानडे ती तशीच अधिकाऱ्यांच्या हवाली करीत. कसून पाहिल्यावर वहीम आपोआप विरला.

दुसऱ्या कुणी असे दिवस काढले असते तर सरकारी माणसाविषयी कायमची अढी धरली असती. रानड्यांनी ती धरली नाही. सरकारच्या चुका ते आकडेवारीनिशी दाखवीत आणि जिथे सरकार योग्य तिथे तसेही सांगत. त्यांच्या या स्वभावाला कुणी मवाळपणा म्हणाले, कुणी दुबळेपणा. टिळकांनी त्यांच्याशी जन्मभर वाद घातला, पण रानडे गेल्यावर केसरीत त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख मोठ्या मनाचा होता. पूर्ण शरणागती आणि पूर्ण अविश्वास या दोन टोकांच्या मधली वाट चालणे सोपे नसते, हे त्या पिढीला ठाऊक होते.

लाहोरचा चुकलेला प्रवास

१८९६ नंतरची मुंबईतली वर्षे प्लेगची होती. घरे रिकामी होत, ओळखीची माणसे दोन दिवसांत नाहीशी होत. या काळातही रानड्यांचा दिनक्रम सुटला नाही. पहाटे तुकोबांचे अभंग, मग वाचन आणि लेखन, मग हायकोर्ट, संध्याकाळी माणसांची ये-जा. मराठ्यांच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ १९०० साली बाहेर आला. त्याच वर्षी छातीचे दुखणे बळावले.

या दुखण्याला इंग्रजीत अँजायना म्हणतात, आपण हृदयशूळ म्हणू. त्याचे पहिले नेमके वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली केले. चालताना, विशेषतः चढण चढताना आणि जेवणानंतर चालताना, छातीत आवळल्यासारखी कळ येते आणि माणूस थांबला की ती थांबते. सव्वादोनशे वर्षांहून जुने हे वर्णन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ते माझेच वाटले. देवळाच्या वाटेवर मी जिथे टेकतो तो कठडाच तेवढा त्यात नव्हता.

राष्ट्रीय सामाजिक परिषद रानड्यांनी १८८७ साली सुरू केली, काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून. दर डिसेंबरात देशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात अधिवेशन भरे आणि रानडे तिथे जात. मद्रास असो, कलकत्ता असो, अलाहाबाद असो, हा नेम होता. १९०० सालचे अधिवेशन लाहोरला होते आणि काँग्रेसचे अध्यक्षही त्यांच्याच प्रार्थना समाजातले नारायण गणेश चंदावरकर होते. म्हणजे न जाऊन चालणारच नव्हते. पण थंडीचे दिवस, आगगाडीचा इतका लांबचा पल्ला आणि हे दुखणे! डॉक्टरांनी मनाई केली.

इथे रानड्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी डॉक्टरांचे ऐकले. वर्षांचा नेम मोडताना त्यांना किती वाईट वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. पण गेले नाहीत. मात्र घरी बसूनही त्यांनी परिषद सोडली नाही. वसिष्ठ आणि विश्वामित्र या दोन ऋषींवर त्यांनी भाषण लिहिले आणि ते गोखल्यांबरोबर लाहोरला गेले, तिथे वाचले गेले. प्रवास डॉक्टरांच्या अखत्यारीतला होता, तो त्यांनी सोडला. विचार स्वतःच्या अखत्यारीतला होता, तो त्यांनी पाठवला. जानेवारी उजाडल्यावर त्यांनी हायकोर्टातून रजाही घेतली. ज्या माणसाला विश्रांतीचे नाव ठाऊक नव्हते त्याने रजा घेतली, याचा अर्थ दुखण्याचे गांभीर्य त्यांना पुरते उमगले होते. पण विश्रांतीचा उपयोग व्हायच्या आतच ती रात्र आली.

त्या काळच्या डॉक्टरांजवळ काय होते

आज आपण सहज म्हणून जातो की वेळेवर उपचार झाले असते तर रानडे आणखी दहा वर्षे जगले असते. पण उपचार होते कुठले? १९०१ सालच्या डॉक्टरांजवळ नाडी होती, स्टेथोस्कोप होता, क्ष-किरणांचा शोध नुकताच १८९५ साली लागला होता. रक्तदाब मोजायचा पट्टा १८९६ साली इटलीत तयार झाला होता. हृदयाचा विद्युत आलेख, ज्याला आपण ईसीजी म्हणतो, तो आइन्थोव्हेनने पुढे प्रसिद्ध केला. रक्ताची गुठळी अडकून हृदयाचा झटका येतो आणि तो आला तरी माणूस वाचू शकतो, हे अमेरिकेतल्या जेम्स हेरिकने मांडले ते १९१२ साली. कळ थांबवणारी औषधे मात्र होती. १८६७ साली लॉडर ब्रंटनने हुंगायच्या अमिल नायट्राइटचा उपयोग दाखवला आणि १८७९ साली विल्यम मरेलने नायट्रोग्लिसरीनचा. सुरुंगात वापरायचे हे रसायन थेंबाथेंबाने पोटात घेतले की धमन्या सैल पडतात. माझ्या खिशातली गोळी त्याच कुळातली.

याच्या पलीकडे डॉक्टरांजवळ सल्ला होता. प्रवास नको, चढण नको, चिंता नको. रानड्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते त्या काळच्या ज्ञानाला धरून होते आणि रानड्यांनी ते पाळले. तरीही ते गेले. यातून एक कडू सत्य हाती येते. डॉक्टरांचे ऐकणे म्हणजे आयुष्याची हमी नव्हे. ती हमी डॉक्टरांनी देऊ नये आणि आपण मागू नये.

रानड्यांच्या शिष्याची गोष्टही इथे आठवते. गोपाळ कृष्ण गोखले मधुमेहाने आणि पुढे हृदयाच्या विकाराने पोखरले गेले होते. १९१४ साली ते प्रकृतीसाठी फ्रान्समधल्या व्हिशीला गेले आणि महायुद्ध पेटल्याने अडकून पडले. तिथून लंडनला आले तेव्हा गांधीजी तिथे फुप्फुसाच्या आवरणाच्या सुजेने आजारी होते. डॉ. जीवराज मेहता त्यांना दूध घ्यायला सांगत होते आणि गांधीजी व्रतापायी नकार देत होते. गोखल्यांनी डॉक्टरांचे ऐकण्याचा खूप आग्रह केला. गांधीजींनी रात्रभर विचार करायला वेळ मागितला आणि सकाळी नम्रपणे पण ठाम नकार दिला. पुढच्या वर्षी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पुण्यात गोखले गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. डॉक्टरांचे ऐकणारा आधी गेला आणि न ऐकणारा पुढे तेहतीस वर्षे जगला. यावरून कुणी डॉक्टर सोडून द्यावेत असा निष्कर्ष काढील तर ते फार धोक्याचे होईल. एकाच्या नशिबावरून दुसऱ्याने औषध ठरवू नये, एवढेच त्यातून घ्यावे.

सहीचा कागद

आता थोडे माझ्याविषयी, कारण आजचा प्रश्न रानड्यांच्या काळापेक्षा उलटा झाला आहे. तेव्हा डॉक्टरांजवळ फार थोडे होते. आज इतके आहे की त्यातले आपल्याला काय हवे तेच कळत नाही. बायपासची शस्त्रक्रिया १९६७ साली फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने रूढ केली. फुग्याने धमनी रुंद करण्याची अँजिओप्लास्टी ग्रुंट्झिगने १९७७ साली झुरिचमध्ये पहिल्यांदा केली. पुढे धातूच्या जाळीचा स्टेंट आला. आपल्याकडे तो इतका महाग झाला की फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारला किमतीवर मर्यादा घालावी लागली आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट सुमारे ३० हजारांवर आला.

पाच वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात माझी अँजिओग्राफी झाली. एक धमनी ऐंशी टक्के अरुंद निघाली. मी टेबलावरच होतो. बाहेर मुलाच्या हातात कागद देण्यात आला आणि आत्ताच स्टेंट बसवायचा असल्याने दहा मिनिटांत सही हवी असे सांगण्यात आले. कागद इंग्रजीत, बारीक अक्षरात, चार पानी. मुलाचा चेहरा पांढरा पडला. अशा वेळी कोणता मुलगा नाही म्हणेल? त्याने आत निरोप पाठवला आणि मी टेबलावरूनच सांगितले की आज नको, मला घरी जाऊन विचार करायचा आहे. तिथल्या माणसांना ते आवडले नाही. बारामतीला परतताना गाडीत कुणी बोलत नव्हते. सौभाग्यवतींनी तेवढे एकदा विचारले की रात्री काही झाले तर काय करायचे. उत्तर माझ्याजवळ नव्हते.

चार दिवसांनी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चित्रफीत पाहिली आणि मग ती बाजूला ठेवून पाऊण तास मला प्रश्न विचारले. गुरुजी, किती चालल्यावर कळ येते? थांबल्यावर किती वेळात जाते? रात्री झोपेत कधी आली का? विड्या-तंबाखू? साखर? वडील कशाने गेले? मग कागदावर हृदय काढून दाखवले. डाव्या बाजूची मूळ धमनी मोकळी आहे, हृदयाची पंप करण्याची ताकद चांगली आहे, कळ फक्त श्रमाने येते आणि विसाव्याने जाते. अशा स्थितीत आधी औषधे नेटाने घेऊन पाहता येतात. दुखणे हटले नाही तर स्टेंट आहेच. २०१९ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीचा दाखला त्यांनी दिला. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या पाहणीत स्थिर दुखणे असलेल्यांपैकी निम्म्यांना आधी औषधे दिली आणि निम्म्यांची लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केला. काही वर्षांनी पाहता मृत्यू आणि झटके यांच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. छातीची कळ मात्र ज्यांना वारंवार येत होती त्यांना स्टेंट-बायपासने अधिक आराम पडला.

हे ऐकताना मला एकदम सुप्याचा बाजार आठवला. माझ्यासमोरचा माणूस रोख्याच्या मागे जात होता. ऐंशी टक्के हा आकडा म्हणजे रोख्यावरची रक्कम. तिच्यामागचा हिशेब, म्हणजे कोणती धमनी, कशी कळ, किती ताकद, हा कुणी तरी काढायला हवा होता. तो निघाल्यावर निर्णय आम्ही घेतला, डॉक्टरांच्या साक्षीने. औषधे सुरू झाली, तंबाखू सुटली, जेवणातले मीठ आणि तेल घटले. कळ अजून येते, पण क्वचित. पुढे कधी स्टेंटची वेळ आली तर मी तो घेईन, आणि घाबरून घेणार नाही.

पहिल्या इस्पितळातले डॉक्टर वाईट होते असे मी म्हणणार नाही. कदाचित त्यांना धमनी दिसली आणि माणूस पाहायला सवड झाली नाही. स्टेंट म्हणजे लूट, असेही म्हणण्याची सोय मला नाही. माझ्या चुलतभावाला दोन वर्षांपूर्वी पहाटे घाम फुटून छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले. तो खरा झटका होता. तासाभरात इस्पितळात नेले, लगेच धमनी मोकळी करून स्टेंट बसवला, आणि आज तो उसाला पाणी धरतो आहे. तिथे कुणी दुसरे मत घ्यायला गेले असते तर परत येताना माणूस हाती लागला नसता. आणि आमच्याच पंचक्रोशीतल्या एका गृहस्थांनी सगळेच डॉक्टर चोर असे ठरवून, कुणाच्या तरी काढ्यावर भरवसा ठेवून चालू गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात त्यांच्या घरी आम्हाला भेटायला जावे लागले. आंधळा विश्वास महाग पडतो, पण आंधळा अविश्वास त्याहून महाग पडतो.

म्हणून घरातल्या मंडळींसाठी मी एक साधी वाटणी करून ठेवली आहे. विसावा घेऊन आणि जिभेखाली गोळी ठेवूनही पाच-दहा मिनिटांत कळ थांबली नाही, घाम आला, दम लागला, कळ हातात किंवा जबड्यात उतरली, तर वाद नाही, विचार नाही, सरळ जवळचे मोठे इस्पितळ. तिथे डॉक्टर म्हणतील ती पूर्व दिशा. पण दुखणे जुने आणि स्थिर असेल तर वेळ असतो. त्या वेळात विचारायचे: हे केले नाही तर काय होईल? दुसरा मार्ग आहे का? याने आयुष्य वाढेल की कळ कमी होईल? प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडत नाही, तो निम्मे दुखणे तिथेच कमी करतो.

रमाबाईंची वाट

रानडे गेले तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही आत होत्या. काही काळ त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. मग हळूहळू त्या बाहेर आल्या. मुंबईच्या सेवासदनाच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे बायकांना शिक्षणाबरोबर परिचारिकेच्या कामासाठी तयार करण्यात येऊ लागले. त्यासाठी मुली ससून इस्पितळात शिकायला जात. चांगल्या घरच्या विधवेने परक्या रुग्णाला हात लावायचा ही कल्पनाच तेव्हा समाजाला झेपणारी नव्हती. १९२४ साली रमाबाई वारल्या, पण तोवर इस्पितळात आपली बाई, आपल्या भाषेत बोलणारी, आपले दुखणे समजून घेणारी, अशी वाट तयार झाली होती.

नवऱ्याच्या उशाशी बसून रमाबाईंनी काढलेल्या रात्रींचा आणि या कामाचा संबंध त्यांनी उघड जोडला असो वा नसो, मला तो दिसतो. इस्पितळावरचा विश्वास भाषणांनी वाढत नाही. आत आपल्या ओळखीचे कुणी असले, समजावून सांगणारे कुणी असले, की तो वाढतो. बारामतीला २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या भागातली शेतकऱ्यांची पोरे-पोरी उद्या तिथून पांढरा कोट घालून बाहेर पडतील. त्यांना शरीरशास्त्र शिकवायला प्राध्यापक आहेतच. मला एकच सुचवायचे आहे. या मुलांना एकदा सुप्याला घेऊन जावे, १८७५ सालचा बाजार कुठे भरला होता ते दाखवावे, आणि लोकांनी त्या दिवशी पैसे न लुटता कागदच का जाळले, ते सांगावे. न समजलेल्या कागदावर घेतलेली सही कधी तरी पेटतेच. समजावून सांगून घेतलेली सही मात्र डॉक्टरालाही राखते आणि रुग्णालाही.